‘चिल’ शब्दाचं पान

४ जून २००७, सोमवार

दुसरी तुकडी आज सुरू झाली. बारा नावं आली होती, मुलं नऊच आली. मोजायची सवय बँकेनं लावली. स्वेच्छानिवृत्ती घेऊन सहा वर्षं झाली तरी ती जात नाही.

वर्ग म्हणजे कोल्हापुरातल्या आमच्याच घराची पुढची खोली. एक फळा, दहा घडीच्या खुर्च्या आणि कोपऱ्यात टेलिफोन. पुण्यातल्या कॉल सेंटरमध्ये नोकरी लागावी म्हणून या मुलांना बोलण्याचं इंग्रजी शिकवायचं, हा माझा उद्योग. पहिल्या तुकडीत चौदा मुलं होती. निवड एकाची झाली, आणि त्याचं इंग्रजी आधीपासून चांगलं होतं. म्हणजे माझं श्रेय शून्य. इथं खोटं लिहून काही उपयोग नाही.

नऊ जणांत हुपरीची एक मुलगी आहे, संघप्रिया. बी.ए. झालेली, तेवीस वर्षांची. वडील घरातल्याच कारखान्यात चांदीच्या पैंजणांचे जोड झाळतात, म्हणजे कडीला कडी जोडतात. रोज एस.टी.नं येते. व्याकरण इतकं चोख की मी फळ्यावर केलेली एक चूक तिनं हळूच दाखवली. पण फोनच्या मुलाखतीत एकदा नापास झाली आहे. बोलताच आलं नाही म्हणाली.

फळ्यावर पहिलं वाक्य लिहिताना सहज आत बघितलं. अनुजा स्वयंपाकघराच्या दारात माझ्याकडं पाठ करून मेथी निवडत बसली होती. मागच्या तुकडीच्या पहिल्या दिवशीही तशीच. निवृत्तीचा अर्ज टाईप केला त्या दिवशी तर ती आजऱ्याला बहिणीकडं निघून गेली होती. लग्नाला बावीस वर्षं झाली; तिला माझ्या असल्या गोष्टींत रस नाही, हे मी समजून घेतलं आहे. तरी एकदा मान वळवली असती तर बरं वाटलं असतं.

७ जून

पुण्याच्या कंपनीकडून पत्र आलं. मागच्या तुकडीतली मुलं का नाकारली हे मी विचारलं होतं. उत्तर एका ओळीचं: इंग्रजी बरं आहे, पण आवाजात ताण जाणवतो. सोबत अनौपचारिक शब्दांची यादी जोडली आहे. गिऱ्हाईक असे शब्द वापरतं, ते मुलांना माहीत हवेत. यादीत पहिलाच शब्द ‘चिल’.

माझ्या बी.ए.च्या वेळच्या शब्दकोशात या शब्दाला गारठा, हुडहुडी, उत्साहावर पाणी पडणं असे अर्थ आहेत. निवांत होण्याचा पत्ता नाही. सूरजला विचारलं. हा शाहूपुरीतल्या गॅरेजमध्ये मोटारी दुरुस्त करतो, सुटीत वर्गाला येतो. इंग्रजी कच्चं आहे, पण तोंड कधी बंद नसतं.

“चिल म्हंजे काय, सर, सोपं हाय. टेन्शन न्हाय घ्यायचं.”

“मग क्रियापद आहे का विशेषण?”

“दोनीबी. नुसतं बसलो की ‘चिल मारालोय’. मालक ओरडाय लागला की ‘चिल, मालक’. आन पोरगं चांगलं असलं तर ‘लई चिल हाय त्ये’.”

“मालकाला तू चिल म्हणतोस?”

“मनात म्हणतोय की, सर.”

या वहीचं शेवटचं पान या शब्दासाठी राखलं. नियम ठरवला: ज्यानं शब्द प्रत्यक्ष उच्चारला, त्याचीच नोंद. तारीख, कोण, कुणाला म्हणाला, अर्थ. सूरजच्या नावावर दोन नोंदी झाल्या. मनातल्या मनात म्हटलेला धरायचा का, यावर थोडा विचार केला. धरला नाही.

१३ जून

आज ‘चिल’चा सराव घेतला. सगळ्यांना उभं केलं आणि एका सुरात ‘चिल आऊट’ पंधरा वेळा म्हणायला लावलं. सहाव्या वेळेला आवाज पडला म्हणून पुन्हा पहिल्यापासून. समोरच्या बंगल्यातले गृहस्थ गच्चीवर येऊन बघत होते.

मग प्रत्येकाला एकेकटं समोर बसवून निवांतपणाला दहापैकी गुण दिले. खांदे, आवाज, हातांची चुळबुळ, असे निकष होते. सूरजला सात. बाकीच्यांना तीन-चार. संघप्रियाला दोन. गुण मोठ्यानं वाचले म्हणजे सुधारणा होईल असं वाटलं होतं. दुसऱ्या फेरीत तिला एकच द्यावा लागला.

मेहनत माझी कमी पडते असं दिसतं. उद्यापासून तिच्यासाठी अर्धा तास जास्त.

१९ जून

आज रिक्षात नोंद तीन मिळाली. रिक्षावाला फोनवर कुणाला तरी म्हणाला, “चिल मार, येतोय दहा मिंटात.” अर्थ: थांब, घाई करू नकोस. म्हणजे निवांत होण्याची सूचना देणारा स्वतः उशिरा येणार असतो. हे यादीत नव्हतं.

अनुजावर प्रयोग केला. दूध उतू गेलं म्हणून ती चिडली होती, मी म्हणालो, “चिल.” तिनं फडकं माझ्या हातात दिलं. नोंद केली नाही, कारण उच्चारणारा मीच होतो.

३० जून, शनिवार

वाईट दिवस.

संघप्रियाची दुसरी मुलाखत होती. आवाज स्वच्छ यावा म्हणून कंपनी लँडलाईनवर फोन करते, तिनं माझा नंबर दिला होता. अकराला घंटी वाजली. आधार वाटावा म्हणून मी तिच्यासमोर हातभर अंतरावर खुर्ची घेऊन बसलो होतो. पहिल्या दोन प्रश्नांना ठीक बोलली. तिसऱ्याला अडखळली. मी हातानं ‘सावकाश, सावकाश’ अशी खूण केली. ती आणखी अडखळली. मग मी आधीच तयार ठेवलेला पुठ्ठा वर धरला. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘चिल’ लिहिलं होतं.

पुठ्ठा बघून ती पूर्ण गप्प झाली. घड्याळात बघितलं, चाळीस सेकंद. पलीकडून आभार मानून फोन ठेवला.

ती म्हणाली, “सर, मी गप्प का झालो, मलाच कळलं नाही.” हुपरीकडच्या मुलींसारखी ती ‘मी आलो’, ‘मी झालो’ असंच बोलते.

मी म्हणालो, घाबरण्यासारखं काय होतं? मी समोरच होतो.

जाताना पाया पडली. तिसऱ्यांदा नापास झालं की कंपनी वर्षभर अर्ज घेत नाही. घरात ठरलं आहे, तिसरीही गेली तर वडिलांच्या शेजारी बसून जोडकाम शिकायचं आणि येईल त्या स्थळाला हो म्हणायचं. हे तिनं रडत नाही, एस.टी.ची वेळ सांगावी तसं सांगितलं.

९ जुलै

संघप्रिया आठ दिवस आली नाही. घरी फोन नाही. शेजारच्यांच्या फोनवर निरोप ठेवला, उत्तर नाही.

सूरज म्हणाला, “सर, राग मानू नगासा. तुमी चिल म्हटलं की नाक्यावर पोलिसानं गाडी बाजूला घ्या म्हटल्यागत वाटतंय. कागद समदं असत्यात, तरी काळीज धडधडतंय.”

सगळे हसले. मीही हसलो. ही चेष्टा होती की तक्रार हे नक्की ठरवता आलं नाही. पानावर नोंद करता येण्यासारखा वापर आहे, एवढं लक्षात आलं. नोंद सहा. शब्द तोच, म्हणणारा बदलला की अर्थ उलटा, असं कंसात लिहिलं. त्या कंसाखालीच बराच वेळ पेन टेकवून बसलो.

१५ जुलै, रविवार

हुपरीला जाऊन आलो. सविस्तर लिहायला हवं.

घर विचारत गेलो. गल्लीत दर दुसऱ्या दारातून ठोकण्याचा बारीक आवाज. दारात संघप्रियाची आजी, तानूबाई, घुंगरं ओवत बसली होती. भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली संघप्रियाचं पदवीचं प्रमाणपत्र, काचेत घालून.

“या पावणं. कुणीकडलं?”

“कोल्हापूरहून आलोय. संघप्रियाचा मास्तर.”

“पुठ्ठेवालं मास्तर व्हय,” आजी म्हणाली आणि आत हाक मारली. “पिरे, तुजं सर आल्यात.”

म्हणजे पुठ्ठा घरात पोहोचला होता.

संघप्रियानं चहा आणला. मी विचारलं, येणं का थांबवलं? आजीच बोलली, “तिला म्हटलं, जा की, त्ये बिचारं जीव तोडून शिकवतंय. तर म्हणती, तेचंच भ्या वाटतंय.”

“आजी,” संघप्रिया म्हणाली.

“खरं त्ये बोलाय नको व्हय?”

तिचे वडील अण्णासो आतल्या खोलीत कामावर होते. कामाच्या मध्ये उठता येत नाही, म्हणून मीच आत गेलो. पंचावन्नचे असतील, बारीक अंगाचे. समोर तेलाचा दिवा, कोळशाच्या तुकड्यावर पैंजणाच्या दोन कड्या टेकवलेल्या, आणि ओठांत वाकडी पितळी फुंकणी. ते फुंकणीतून ज्योतीवर फुंकत होते आणि ज्योत सुईसारखी बारीक होऊन बरोबर जोडावर लागत होती. नाकानं श्वास आत जात होता, गालातून बाहेर येत होता, मध्ये कुठं खंड नाही. चांदी क्षणभर ओली झाल्यासारखी चमकली आणि जोड बसला. चेहऱ्यावर कसलंच जोर लावणं नव्हतं. दुपारी झोपलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा.

आता बहुतेक ठिकाणी गॅसच्या बत्त्या आल्या आहेत म्हणे. नाजूक काम मात्र अजून यांच्याकडं येतं.

मी माझी अडचण सांगितली. यादी, शब्द, सराव, गुण. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग फुंकणी पुसून माझ्या हातात दिली. “फुका बघू, सर. चांदी न्हाय ठिवत. नुसती ज्योत वाकवा.”

मी फुंकलं. ज्योत फडफडली आणि दिवाच विझला. त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा विझला. तिसऱ्या वेळी माझ्या कपाळाला घाम आला. दारात आजी, संघप्रिया आणि शेजारची एक बाई उभी होती. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस दिवा विझवतोय हे बघायला.

अण्णासो त्यांना म्हणाले, “फिरा गं तिकडं.” त्या वळल्या. मग ते स्वतःही माझ्याकडं पाठ करून भिंतीकडं तोंड करून बसले. “आता फुका. सावकाशबी नगो, जोरातबी नगो. दम आत जाऊ द्या, मग.”

ज्योत वाकली. दहा-बारा सेकंद टिकली असेल. भिंतीकडं बघतच ते म्हणाले, “हां. आता लागली.”

“न बघता कसं कळलं?”

“कानाला कळतंय की. नीट फुक असली की ज्योत एकच सूर धरती. तुटली की फडफडती.” मग वळले. “माज्या बानं मला शिकवलं त्येबी असंच. म्हयनाभर नुसती ज्योत. मग ज्या दिशी पैला खरा जोड द्यायचा, त्या दिशी शिकवणाऱ्यानं पाठ करून बसायचं. अकरा जणं शिकवली मी, अकराबी जणांकडं पाठ करून. समोर बघणारं डोळं असलं, की हात चांदीकडं न्हाय बघत. डोळ्याकडं बघतोय.”

“आणि चुकलं तर?”

“चुकलं तर चांदी वितळून गोळा हुतीय. परत तार वढायची.”

“तुम्ही त्यांना घाबरू नका म्हणत नाही?”

“म्हटलं की आठवण हुती न्हवं भ्यायची.”

हे सगळं ते पुढच्या दोन कड्या कोळशावर जुळवत बोलत होते. मी पदवीधर, इंग्रजी विषय घेऊन एम.ए. एका शब्दाचा अर्थ महिनाभर शोधतोय. या माणसानं तो शब्द ऐकलेलाही नसेल. परतीच्या एस.टी.त त्यांची नोंद पानावर करावी असं फार वाटलं. पण नियम नियम आहे, त्यांनी शब्द उच्चारला नाही.

संघप्रिया मंगळवारपासून येते म्हणाली.

१६ जुलै

रात्रीपासून बँकेतले अंगठे आणि सह्या डोळ्यांसमोर येत आहेत. एकोणीस वर्षं मी काउंटरवर बसलो. खेड्यातून आलेली माणसं सही करायची आणि नमुन्याशी जुळायची नाही. मी म्हणायचो, नीट करा, मी बघतोय. दुसरी सही पहिलीपेक्षा वाकडी यायची. मी पुन्हा करायला लावायचो. मला वाटायचं मी काटेकोर आहे. काटेकोर होतोही. पण त्या सह्या का जुळत नव्हत्या, हा प्रश्न मला एकोणीस वर्षांत एकदाही पडला नाही. माझी नजर जरा खिडकीबाहेर असती तर किती जणांचा एक हेलपाटा वाचला असता.

गगनबावड्याकडची एक म्हातारी होती. चौथ्या सहीला तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, “साहेब, आता माजं नावच इसरलं.” आम्ही सगळे हसलो होतो.

१७ जुलै, मंगळवार

सरावाची पद्धत बदलली. संघप्रिया फोनजवळ बसते, मी खिडकीकडं तोंड करून बसतो. वही नाही, घड्याळ नाही. गिऱ्हाईक होऊन प्रश्न विचारतो, पण वळत नाही.

मला वाटलं होतं तिला अवघड जाईल. अवघड मला गेलं. चूक ऐकू आली की मान आपोआप वळते. तीनदा वळली. तिन्ही वेळा तिचं वाक्य अर्ध्यात थांबलं, मी वळल्यावर की वळण्याआधी हे सांगता येणार नाही. वळल्यावरच असावं.

२५ जुलै

आज अर्ध्या तासात एकदाही वळलो नाही. ती सलग बोलली. तिचा आवाज खरं तर खालच्या पट्टीतला, गोल आहे. मी तो आज पहिल्यांदा ऐकला. दीड महिना मी फक्त तिच्या चुका ऐकत होतो.

मध्येच वीज गेली. भारनियमनाची वेळ. अंधारात ती बोलतच राहिली, एका काल्पनिक अमेरिकन बाईला तिचं बिघडलेलं यंत्र कसं सुरू करायचं ते सांगत. इतकं धीरानं, की मलाच ते यंत्र घ्यावंसं वाटलं.

निवांतपणाला गुण देणं बंद केलं. सूरजनं विचारलं, “सर, माजं सात गुण ऱ्हातील का?” म्हटलं, राहतील.

९ ऑगस्ट, गुरुवार

तिसरी मुलाखत. सकाळी साडेनऊलाच ती आली. केसांत तेल, हातात रुमाल. म्हणाली, आण्णा म्हणालेत, जेवून ये, रिकाम्या पोटी दम टिकत नाही.

मी पुठ्ठा फाडून टाकला होता. अनुजानं ते बघितलं असावं.

पावणेअकराला वीज गेली. पंखा बंद. फोन मात्र चालू होता. मी तिला म्हणालो, “मी बाहेर पायरीवर बसतो.” आणखी काही सांगावंसं वाटत होतं. ओठांवर आलेला शब्द गिळला. तोच शब्द. बाहेर येऊन दाराकडं पाठ करून बसलो. रस्त्यावर भंगारवाला, एक म्हैस, शाळेला उशीर झालेली दोन मुलं.

घंटी वाजली. शब्द ऐकू येत नव्हते, नुसता सूर. तो एका पट्टीत चालला होता. अण्णासोंचं वाक्य डोक्यात होतं, कानाला कळतंय की. पाच मिनिटं, सात मिनिटं. मग सूर थांबला.

मला मोजायचं नव्हतं, तरी मोजलं. एक, दोन, तीन. जूनमधले चाळीस सेकंद आठवले. चार, पाच. हात पायरीच्या कडेला घट्ट धरले होते. वळून बघावं, नुसतं दारातून दिसावं, मी आहे एवढं तिला कळावं, असं इतक्या जोरानं वाटलं की अर्धा उठलोही. मग पुन्हा बसलो. म्हैस गेली त्या दिशेला बघत राहिलो. सहा.

आत ती काहीतरी लहानसं बोलली. प्रश्नासारखं. आणि मग हसली.

त्यानंतर ती बरंच बोलली. फोन ठेवल्याचा आवाज आला तरी मी उठलो नाही. तीच बाहेर आली आणि पायरीवर दोन हात अंतर ठेवून बसली.

“काय झालं मध्ये? थांबलीस.”

“त्यांनी एक शब्द वापरला, सर. आपल्या यादीत नव्हता. दिवसभर काम करून आल्यावर तू कशी ‘चिलॅक्स’ करतेस, असं विचारलं.”

यादीत नव्हता. दोन महिने यादी पाठ करून घेतली आणि नेमका हाच नव्हता.

“मग?”

“मग मी दम आत घेतला. म्हटलं, सर, हा शब्द मला माहीत नाही, याचा अर्थ काय? ते हसले. म्हणाले, चिल आणि रिलॅक्स, दोन्ही एकत्र. मलाही हसू आलं.”

“तू सरळ विचारलंस?”

“गिऱ्हाईकाचं कळलं नाही तर विचारायलाच पाहिजे की, सर.”

“आणि उत्तर काय दिलंस?”

“खरं तेच सांगितलं. संध्याकाळी आण्णा दिवा विझवतात. मग आम्ही सगळे दारात बसतो. तासभर कुणी कुणाला काही विचारत नाही.” तिनं रुमालाची घडी केली. “हे इंग्रजीत सांगताना मला घर दिसत होतं. ते म्हणाले, आणखी सांग. मग मी फुंकणीचं सांगितलं.”

चूक कुठं झाली का हे मी विचारलं नाही. विचारायचं होतं, हे मात्र लिहून ठेवतो.

१० ऑगस्ट

नोंद दहा: चिलॅक्स, मुलाखत घेणारे गृहस्थ, नाव माहीत नाही, संघप्रियाला उद्देशून. हा वेगळा शब्द धरायचा की त्याच पानावर घ्यायचा, हा प्रश्न होता. सूरजला विचारलं.

“एकच हाय, सर. दोन गाड्यांचं पार्ट काढून एक गाडी केलीया. पळती न्हवं? मग झालं.”

मी शब्दकोश उघडून बसलो असतो तर आणखी दोन दिवस गेले असते. हा मुलगा कुणावरही दडपण न आणता किती नेमकं बोलतो, याकडं माझं लक्षच नव्हतं. त्याला दिलेले सात गुण कमीच होते.

१४ ऑगस्ट

निकाल नाही. फोन वाजला की मी उठतो, तोवर अनुजानं उचललेला असतो. आज म्हणाली, “तुम्ही रंकाळ्यावर जाऊन बसा जरा. फोन आला तर मी आहे.”

गेलो. काठावर तासभर बसलो. निवांत होतो का, याचा विचार करत होतो, म्हणजे नव्हतो.

१८ ऑगस्ट, शनिवार

सकाळी सव्वानऊला फोन. शेजारच्यांच्या घरून.

“सर, मी लागलो.”

एवढंच. मग मागून तानूबाईंचा आवाज, “पुठ्ठेवाल्या मास्तरास्नी सांग, जेवाय या म्हणावं.” मग अण्णासोंनी फोन घेतला. त्यांना फोनवर बोलायची सवय नसावी, बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. शेवटी म्हणाले, “जोड बसला, सर.”

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला धरला. ते घाईत नव्हते. थांबले.

फोन ठेवल्यावर आत बघितलं. अनुजा ओट्याकडं तोंड करून भाकरी थापत होती. खांदे हलत होते. भाकरीनंच हलत असतील.

३ सप्टेंबर, सोमवार

तिसरी तुकडी. अठरा आली. हुपरीच्याच पाच आहेत. संघप्रिया परवा पुण्याला गेली, स्टँडवर अण्णासो तिला सोडायला आले होते. गाडी सुटायच्या आधीच ते वळून चहाच्या गाड्याकडं गेले. मी खिडकीपाशी हात हलवत उभा राहिलो. हे मला अजून जमलेलं नाही.

आज नव्या मुलांना पहिलं वाक्य बोलायला लावलं आणि मी खिडकीकडं तोंड केलं. सुरुवातीला खूप हसली. मग एकेक जण बोलायला लागला. फळ्याकडं वळताना आत नजर गेली. अनुजा दारात, माझ्याकडं पाठ करून, गवार मोडत बसली होती.

वर्ग सुटल्यावर तिच्या शेजारी जाऊन बसलो. थोडी गवार माझ्याकडं ओढली.

“मी शिकवताना तू कधी बघत नाहीस,” मी म्हणालो.

“तुम्ही मला बघायला आला होता तेव्हा तुमच्या हातातून पोह्यांची बशी पडली होती. आठवतंय?”

“तुझ्याकडं बघताना पडली.”

“मी तुमच्याकडं बघत होते म्हणून पडली.” तिनं माझ्या हातातली शेंग घेतली. “शिरा काढा आधी. नुसत्या मोडू नका.”

मग पुन्हा भिंतीकडं वळून बसली. अर्ज टाईप केला त्या दिवशी आजऱ्याला कशासाठी गेली होतीस, हे मी विचारलं नाही. शिरा काढत राहिलो.

आता शेवटच्या पानावर अकरावी नोंद केली. नियम माझाच होता, तो मोडतो आहे, तसं समासात लिहिलंही. नोंद अशी: अनुजा. आज, आणि त्याआधी बावीस वर्षं. शब्द वापरला नाही.